आई-बाबांना घेऊन अमेरिकेच्या वाळवंटातली नॅशनल पार्क: पास कुणाच्या नावावर, सोडत किती वाजता, कागद कुठले

मार्च-एप्रिल आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. भारतातून आई-बाबा येणार असतात, मुलांना सुट्टी लागणार असते, लास व्हेगसहून सात सीटची गाडी ठरलेली असते. झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन, जमलं तर आर्चेस आणि डेथ व्हॅली असा बेत असतो, आणि "पासचं तेवढं सांग" एवढीच विचारणा असते. सांगायला बसलं की कळतं, पास आधीच घेऊन झालाय, आणि तोही चुकीचा. हे पास परत करून पैसे मिळत नाहीत. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी पास

पूर्वी सोपं होतं. ८० डॉलरचा वार्षिक पास घ्यायचा, गाडीत कोण बसलंय हे कुणी विचारत नसे. १ जानेवारी २०२६ पासून दोन भाव झाले. अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर, बाहेरून आलेल्यांना २५० डॉलर. शिवाय अकरा मोठ्या पार्कांत, वार्षिक पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या प्रवेश शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा. वाळवंटी वाटेवरची तीन पार्क या यादीत आहेत: झायन, ब्राइस कॅन्यन आणि ग्रँड कॅन्यन. डेथ व्हॅली, जोशुआ ट्री, आर्चेस, कॅन्यनलँड्स, कॅपिटल रीफ यादीत नाहीत. हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं आणि ते सरसकट घाबरतात.

"अमेरिकेत राहणारा" हे कशावरून ठरतं? अमेरिकन सरकारनं दिलेल्या फोटो ओळखपत्रावरून. राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, अमेरिकन पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड. एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल आणि राज्याचं लायसन्स असेल तर ८० डॉलरचा पास तुम्हाला मिळतो. आई-बाबांचा भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालत नाही. आधार कार्ड तर नाहीच. हसू नका, गेटच्या खिडकीतून आधार पुढे केलेलं मी पाहिलंय.

आता अडतं ते इथे. पास एका गाडीचा असतो, आणि ज्याच्या नावावर आहे तो माणूस त्या गाडीत, ओळखपत्रासकट, बसलेला लागतो. आपण जातो दोन कुटुंबं, दोन गाड्या. आई-बाबा नातवंडांच्या हट्टापायी दुसऱ्या गाडीत बसतात, पास असतो पहिलीत. दुसरी गाडी गेटवर येते, पास नाही, आत दोन भारतीय पासपोर्ट. झाले दोनशे डॉलर, वर गाडीचे ३५. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन तिन्हीकडे हेच झालं तर फक्त जादा आकारच ६०० डॉलर होतो. दोन गाड्या असतील तर दोन पास घ्या, आणि आई-बाबा कुठल्या गाडीत बसणार हे हॉटेलच्या पार्किंगमध्ये ठरवा, गेटच्या रांगेत नको. आई-बाबा स्वतः गाडी घेऊन किंवा भारतातून आलेल्या दुसऱ्या नातेवाइकांबरोबर फिरणार असतील तर २५० डॉलरचा पास सरळ स्वस्त पडतो.

दुसरी नेहमीची चूक: पास नवऱ्याच्या नावावर, नवरा पहिले दोन दिवस ऑफिसच्या कॉलवर खोलीत, आणि गाडी बायको चालवतेय. त्याच्या ईमेलमधला पास तिच्या फोनवर दाखवून उपयोग नाही. जो माणूस सहलीचा एकही दिवस चुकवणार नाही त्याच्या नावावर पास घ्या. घेताना रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवरच घ्या. पास ज्या महिन्यात घ्याल त्या महिन्याच्या शेवटापर्यंत पुढच्या वर्षी चालतो, तेव्हा ३० तारखेला घाई करण्यापेक्षा १ तारखेला घेतलेला बरा.

सिनियर पास आई-बाबांसाठी नाही

याचा वेगळा मथळा द्यावा लागतो, कारण यावरून दरवर्षी कुणाचे तरी बाबा नाराज होतात. ६२ वर्षांवरच्यांना वर्षाला २० डॉलर किंवा आयुष्यभरासाठी ८० डॉलर असा सिनियर पास आहे, पण तो फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना. वय पुरेसं नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना तो नाही, मग ते ६२ चे असोत की ८२ चे. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी एका पार्कच्या गेटवर खिशातून एसटीचं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढलं होतं. पंच्याहत्तरी झालेली, एसटीत फुकट फिरणारा माणूस. त्यांच्या दृष्टीनं कार्ड खरं होतं, वय खरं होतं, मग अडचण काय? खिडकीतल्या मुलीनं ते कार्ड दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, "सुंदर आहे" म्हणाली आणि परत दिलं. कायमचं अपंगत्व असलेल्यांसाठीच्या मोफत ॲक्सेस पासलाही हीच नागरिकत्वाची अट आहे.

चौथीतलं मूल असेल तर

अमेरिकेत चौथीत शिकणाऱ्या मुलाला सरकार मोफत पास देतं, आणि त्यावर गाडीतली मंडळीही आत जातात. घोळ होतो तारखेत. हा पास १ सप्टेंबरपासून पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत चालतो. म्हणजे जूनमध्ये चौथी संपलेल्या मुलाला त्या उन्हाळ्यात चालतो, आणि येत्या शाळेला चौथीत जाणाऱ्या मुलाला चालत नाही. आपल्याकडे "आता ती चौथीत गेली" हे निकाल लागल्याच्या दिवसापासून म्हणतात, तिथेच गफलत. या पासचं व्हाउचर कागदावर छापून न्या. फोनवरच्या फोटोवर विसंबू नका, आणि मूल गाडीत हवं. अमेरिकेबाहेरच्या शाळेतल्या चुलतभावाला चौथीत असूनही हा पास नाही.

एंजल्स लँडिंगची सोडत, आणि व्हेगसचं घड्याळ

झायनमधला हा साखळ्या धरून चढायचा कडा. १ एप्रिल २०२२ पासून परमिटशिवाय वर जाता येत नाही. वार्षिक पासाचा आणि याचा काही संबंध नाही, हे तीनदा सांगूनही चौथ्यांदा विचारलं जातं.

सोडत दोन प्रकारची. हंगामी सोडतीत तीन महिन्यांसाठी एकदाच अर्ज: जून ते ऑगस्टमध्ये चढायचं तर अर्ज १ ते २० एप्रिल, सप्टेंबर ते नोव्हेंबरसाठी १ ते २० जुलै, डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी १ ते २० ऑक्टोबर, मार्च ते मेसाठी १ ते २० जानेवारी. लोक जूनच्या सहलीसाठी मेमध्ये साइट उघडतात. तोवर खिडकी बंद झालेली असते. अर्जाचे ६ डॉलर, नंबर लागो न लागो, गेले. लागला तर माणशी ३ डॉलर वर. एका अर्जावर जास्तीत जास्त सहा जण.

ते हुकलं तर आदल्या दिवशीची सोडत. ही मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाला उघडते आणि दुपारी ३ ला बंद होते, निकाल ४ ला. आता नीट वाचा: झायन युटा राज्यात आहे, आणि हे तीन युटाच्या घड्याळाचे, माउंटन टाइमचे. तुम्ही बसलेले असता व्हेगसला, तिथे पॅसिफिक टाइम. युटाचे तीन म्हणजे तुमचे दोन. जेवण उरकून "अजून अर्धा तास आहे" म्हणत अडीचला फोन उघडणारी किती कुटुंबं मी पाहिली, मोजत नाही. ॲरिझोना तर उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतच नाही, पण ॲरिझोनातल्याच नवाहो नेशनमध्ये (नवाहो या मूळ रहिवाशांच्या प्रदेशात) ते पुढे करतात. युटाच्या सीमेजवळच्या पेज गावात फोन कधी युटाचा टॉवर पकडतो, कधी ॲरिझोनाचा, आणि तासाभराची उडी मारतो. टूर बुक करताना "कुठल्या वेळेनुसार?" हे विचारूनच फोन ठेवा.

परमिट दुसऱ्याला देता येत नाही. ज्याच्या नावावर आहे त्याला फोटो ओळखपत्र घेऊन हजर राहावं लागतं. बाबांच्या नावानंही अर्ज टाकला तर नंबर लागायची शक्यता वाढेल, ही युक्ती लढवणारे पुष्कळ. मग नंबर बाबांच्या नावावर लागतो आणि बाबांचे गुडघे खाली शटलमध्ये बसलेले असतात. आई-बाबांना दृश्य दाखवायचं असेल तर वाटेतल्या स्काउट लुकआउटपर्यंत परमिट लागत नाही. चढ तिथेही आहे, पण साखळ्या नाहीत.

आर्चेसमध्ये २०२२ पासून काही वर्षं गाडीला ठरावीक वेळेचं आरक्षण लागत होतं. ते महिने आणि तास वर्षागणिक बदलत आलेत, तेव्हा गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राचं न ऐकता पार्कच्या साइटवर त्या वर्षाचा नियम बघा. तिथल्या फायरी फर्नेस या भागाला वेगळं परमिट आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत. भाड्यानं आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेणार असाल तर झायनच्या पूर्वेकडच्या जुन्या बोगद्यासाठी उंची ११ फूट ४ इंच आणि रुंदी ७ फूट १० इंच ही मर्यादा आहे. ७ जून २०२६ पासून त्यापेक्षा मोठ्या गाड्यांना तो रस्ताच बंद.

अँटेलोप कॅन्यन आणि मॉन्युमेंट व्हॅली नॅशनल पार्क नाहीत, नवाहोंची जमीन आहे. तिथे कुठलाच पास चालत नाही. वाद घालू नका.

पासपोर्ट आणि आय-९४: खरा कागद हा

युटात हे कागद सहसा कुणी विचारत नाही. पण वाट न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सकडे किंवा टेक्सासच्या बिग बेंडकडे वळली की सीमेजवळच्या रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलची नाकी लागतात. व्हाइट सँड्सहून लास क्रुसेसकडे निघालात की हायवे ७० वर एक आहेच. तुम्ही मेक्सिकोत गेलेला नसता, तरी गाडी थांबते आणि प्रश्न येतो, नागरिक आहात का? इथे राज्याचं लायसन्स पुरेसं नाही. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसानं आपल्या नोंदणीचा कागद जवळ बाळगायचा, असा कायदाच आहे. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड, बाकीच्यांनी पासपोर्ट आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद. पासपोर्ट घरच्या कपाटात "सुरक्षित" ठेवून निघणारे आपले लोक इथे रडकुंडीला येतात.

आय-९४ सरकारी साइटवर फुकट निघतो. निघत नाही तो नावामुळे. आपल्या पासपोर्टावर "दिलेलं नाव" या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. मुलगा घाईत फक्त आईचं नाव टाकतो आणि "नोंद सापडली नाही" असं उत्तर येतं. रकान्यात जसं आहे तसं, दोन्ही नावं टाकून बघा. सापडलं की छापा. मुक्कामाची मुदत कधी संपते तेही तिथेच दिसतं. व्हिसावरची तारीख म्हणजे राहण्याची मुदत नव्हे.

बाबांना गाडी चालवायचीय

असा आग्रह होणारच. मग आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच आणायला सांगा. सारथी पोर्टलवर नमुना ४-ए, नमुना १-ए मधलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा, १,००० रुपये. मुदत एक वर्ष, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. इथे येऊन ऑनलाइन "इंटरनॅशनल लायसन्स" विकणाऱ्या साइटींच्या नादी लागू नका. तो रंगीत कागद आहे, परवाना नाही.

गाडं अडतं पुन्हा नावावर. जुन्या लायसन्सवर आडनाव आधी, पासपोर्टावर शेवटी. आईच्या लायसन्सवर माहेरचं नाव, पासपोर्टावर सासरचं. आरटीओत "आधी नाव दुरुस्त करून आणा" म्हणतात, आणि दुरुस्तीला लागणारे दिवस विमानाच्या तारखेच्या पुढे जातात. यात आरटीओचं काय चुकतं, असं विचारणारे तिथे रांगेत उभे राहिलेले नसतात. असो. तिकीट काढायच्या आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. आणि परवाना मिळाला तरी मूळ लायसन्स बरोबर हवंच. गाडी भाड्यानं देणारे दोन्ही मागतात.

डेथ व्हॅली

गेट नाही, म्हणून पैसे नाहीत असा समज आहे. गाडीला ३० डॉलर आहेत, पास चालतो, व्हिजिटर सेंटरला दाखवायचा. रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. भाड्याच्या गाडीच्या करारात बहुधा कच्च्या रस्त्याला बंदी असते, तेव्हा तिथल्या रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्याकडे वळण्याआधी करार वाचा. जुलैत जाऊच नका असं मी सांगते आणि लोक जुलैतच जातात, कारण आई-बाबांची परतीची तारीख ऑगस्टमधली असते. १० जुलै १९१३ ला इथे ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलंय. विदर्भातल्या माणसानंही हा आकडा दोनदा वाचावा.

आम्ही गेलो तेव्हा फोन डॅशबोर्डच्या स्टँडवर होता. गाडी उभी करून आत पास दाखवायला गेलो तर काळ्या पडद्यावर फक्त थर्मामीटरचं चित्र, फोन गार होईपर्यंत चालणार नाही. पास त्यात, आय-९४ त्यात, हॉटेलचा पत्ता त्यात. सासूबाईंनी पर्समधून भाजीच्या पिशवीसारखी घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. निघताना मुलीनं ईमेल केलेलं सगळं त्यांनी पुण्यात कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं होतं, दोन-दोन प्रती.