निकाल कुठे संपतो, चर्चा कुठे सुरू होते

पहिला शोधनिबंध लिहिणाऱ्यांचा मसुदा तपासताना सगळ्यात जास्त दुरुस्त्या 'निकाल' आणि 'चर्चा' या दोन भागांत निघतात. दोन्हीकडे तेच आकडे वावरत असतात, त्यामुळे एकाचा मजकूर नकळत दुसऱ्यात शिरतो.

समजा, निफाडच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा या बुरशीजन्य रोगावर नव्या जैविक बुरशीनाशकाची चाचणी घेतली. मसुद्यात निकालाखाली वाक्य येतं: 'बुरशीनाशकाने वेलींची प्रतिकारशक्ती वाढून रोगाची तीव्रता 31 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आली.' इथे दोन चुका आहेत. प्रतिकारशक्ती कोणी मोजलेलीच नाही. शिवाय 'वरून' म्हटलं की त्याच वेली आधी आणि नंतर तपासल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हे दोन वेगळे गट आहेत.

निकालात एवढंच हवं: 'फवारलेल्या वेलींवर रोगाची तीव्रता सरासरी 12 टक्के, तर न फवारलेल्यांवर 31 टक्के होती.' सोबत प्रत्येक गटातल्या वेलींची संख्या, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते), फरकाचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कोणत्या दोन आकड्यांदरम्यान असावा तो पट्टा) आणि नेमकी पी-व्हॅल्यू (औषधाचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता). सॉफ्टवेअरने 0.000 दाखवलं तर ते तसंच उतरवू नका, '0.001 पेक्षा कमी' लिहा. आणि औषध वेलीगणिक दिलं असेल, तर एकाच वेलीची वीस पानं म्हणजे वीस नमुने नव्हेत. नमुना एकच, ती वेल. ही गफलत लिखाणाने झाकता येत नाही, विश्लेषणच पुन्हा करावं लागतं. अपेक्षेविरुद्ध आलेले आकडेही इथेच द्यायचे. पद्धतीत जे जे मोजलं म्हणून सांगितलं, त्याचा निकाल त्याच क्रमाने यायला हवा. तक्त्यातला प्रत्येक आकडा मजकुरात पुन्हा लिहू नका.

प्रतिकारशक्तीची शक्यता चर्चेत मांडता येते, पण आधीच्या अभ्यासांचा आधार देऊन आणि शक्यता म्हणूनच. दुसरं संभाव्य कारणही तिथेच तपासावं लागतं. केवड्याचा संसर्ग व्हायला पान ओलं असावं लागतं. न फवारलेल्या ओळी दव उशिरा सुकणाऱ्या सखल भागात असतील, तर फरक औषधाऐवजी ओलीमुळे पडलेला असू शकतो. चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते का, हे परीक्षक नेमकं यासाठीच विचारतात.

एखादं वाक्य कुठे ठेवावं कळेना, तर स्वतःला विचारा: माझं स्पष्टीकरण उद्या चुकीचं ठरलं, तरी हे वाक्य खरं राहील का? राहत असेल तर ते निकालात, नाहीतर चर्चेत.

चर्चेचा पहिला परिच्छेद संशोधन-प्रश्नाला थेट उत्तर देणारा असावा. प्रस्तावनेतली माहिती तिथे पुन्हा उगाळली की वाचक कंटाळतो. मर्यादा लिहिताना 'नमुना लहान होता' एवढ्यावर थांबू नका. त्यामुळे कोणता निष्कर्ष कच्चा राहतो ते सांगा. एका हंगामातल्या एका बागेवरून सगळ्या जिल्ह्याला शिफारस करणं तर टाळाच, कारण त्यावर शेतकऱ्याचे पैसे लागतात.

काही नियतकालिकं 'निकाल आणि चर्चा' असा एकच विभाग मागतात. तेव्हाही प्रत्येक परिच्छेदात आधी आकडा आणि मगच त्याचा अर्थ येऊ द्या. 'यावरून असं वाटतं की' हे शब्द नेमके त्या सांध्यावर पडले पाहिजेत.