मामांची कढई उतरली, तवा राहिला

सांगलीचे माझे मामा वर्षभर थकल्यासारखे दिसत होते, बोटांची पेरं दुखत होती. ‘रक्त कमी झालंय’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गूळ-शेंगदाणे, अळिवाची खीर आणि वर लोहाचं टॉनिक. शेवटी मिरजेला रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन, तपासलं तेव्हा कळलं, लोह कमी नव्हतंच. यकृतात साठून राहिलं होतं. आजाराचं नाव हिमोक्रोमॅटोसिस, आणि तो आनुवंशिक.

जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. निरोगी माणूस आतड्यातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच घेतो आणि झडणाऱ्या पेशींबरोबर जवळपास तेवढंच जातं. साठा पुरेसा झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतडं हात आखडतं. या आजारात हेप्सिडिनच कमी पडतं. युरोपीय वंशाच्या लोकांत याला बहुतेक वेळा एचएफई जनुकातला बदल कारणीभूत असतो. ते जनुक १९९६ साली सापडलं. तो बदल भारतात क्वचित दिसतो. आपल्याकडे लोह साठण्यामागे थॅलेसेमिया अधिक असतो, आणि त्याचे उपचार वेगळे.

मामींनी आधी लोखंडी कढई माळ्यावर टाकली. बरोबरच केलं. चिंच, टोमॅटो, आमसूल घालून काही रटरटत ठेवलं की आंबटाने लोखंड विरघळून जेवणात उतरतं. ‘लोखंडात आंबट करू नये, काळं पडतं’ असं आजी म्हणायची, ते यामुळेच. तवाही काढायला निघाल्या होत्या, तो मी ठेवायला लावला. भाकरीच्या पिठात आंबट काही नसतं आणि ती तव्यावर दोन-तीन मिनिटंच असते.

मेथी-चाकवत बंद करायचं कारण नाही. पालेभाजीतलं लोह तसंही सहज शोषलं जात नाही. ज्वारीतलं फायटेट आणि चहातलं टॅनिन ते आणखी अडवतात. जेवणावर लगेच चहा नको, असं रक्त कमी असलेल्यांना सांगतात. मामांनी तो खुशाल घ्यावा. फळं खावीत, पण ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या नकोत, त्याने लोह जास्त शोषलं जातं. मटणातल्या लोहाला मात्र चहा-भाकरी फारशी अडवू शकत नाही, म्हणून कलेजी बंद आणि रविवारच्या रश्श्यात फोडी मोजक्या. दारू पूर्ण बंद. लोहाने आधीच त्रासलेल्या यकृताला ती सोसत नाही. कोकणात गेल्यावर कालवं कच्ची किंवा अर्धकच्ची चुकूनही खाऊ नयेत. त्यांतला एक जिवाणू लोह भरपूर असलेल्या रक्तात झपाट्याने वाढतो आणि जीव घेऊ शकतो.

पण एवढ्यावर आजार आटोक्यात येईल असं मामींना वाटायला लागलं, म्हणून त्यांच्यासमोर हिशेब मांडला. या आजाराचा मुख्य उपचार म्हणजे ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकणं. एक मिलिलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. ४५० मिलिलीटरची पिशवी काढली की सव्वादोनशे मिलिग्रॅम एका बैठकीत बाहेर. ताटातून रोज एक मिलिग्रॅम वाचवलं, तरी तेवढ्याला साडेसात महिने लागतील. त्यामुळे रक्त काढण्याची तारीख चुकवायची नाही, आणि ताट आनंदाने वाढायचं.

हा आजार बहुधा दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. म्हणजे सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला चारात एक शक्यता. माझी आई मामांची धाकटी बहीण. तिचं फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते) तपासायला परवा उपाशीपोटी रक्त देऊन आलो.