आडनावात राहिलेला मूळपुरुष: मॉरिशसच्या मराठी घराण्यांची पार्श्वभूमी

मार्च 2024 मध्ये मॉरिशसमधल्या सातव्या पिढीच्या भारतवंशीयांनाही ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणारं ओळखपत्र, देण्याची घोषणा झाली. सात पिढ्या मागे जायचं म्हणजे थेट गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, बोटीतून उतरलेल्या मूळपुरुषापर्यंत पोहोचायचं. मराठी घरांचा शोध अडतो तो इथेच. कारण रामजी, सखाराम, पांडू ही तिथली आडनावं कोकणातल्या भावकीत आडनाव म्हणून सापडत नाहीत.

गुलामगिरी बंद होताना उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 1834 पासून ते हिंदुस्थानातून नेले गेले. सुरुवातीच्या गिरमिटात पाच वर्षांची बांधिलकी आणि महिना 5 रुपये पगार होता. पोर्ट लुईला ते जिथे उतरत तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ होते.

आता आडनावाचा गुंता. ‘गोऱ्या कारकुनाने आमचं आडनाव खाल्लं’ असं अनेक घरांत सांगतात. मला ते पटत नाही. त्या काळची मोडी कागदपत्रं काढून बघा. जमीन कसणाऱ्या कुळाची नोंद ‘रामजी बिन धोंडजी’ अशी असते, म्हणजे धोंडजीचा मुलगा रामजी. गावात सगळे ओळखीचे, तिथे याहून जास्त सांगायची गरज नसे. ‘कर’ लावलेलं आडनाव तर बहुधा गाव सोडल्यावरच चिकटतं, गावातल्या गावात कोण कोणाला तसं म्हणणार? आप्रवासी नोंदवहीतही रकाने होते ते नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात आणि गाव यांचे. आडनाव हरवलं नाही, ते कोणी विचारलंच नाही.

गाठ पडली ती पुढच्या पिढीत. मॉरिशसच्या फ्रेंच धाटणीच्या जन्मनोंदणीत कुटुंबाचं नाव लागे. मुलाने बापाचं नाव सांगितलं, ते आडनाव झालं आणि तिथेच गोठलं. काही घरांत ते आणखी एक पिढी सरकलं, म्हणून सख्खे चुलतभाऊही वेगळ्या आडनावांचे निघतात. त्यामुळे ‘खरं’ आडनाव परत लावावं, हा आग्रह मला अन्यायाचा वाटतो. रामजी हे आडनाव म्हणजे प्रत्यक्ष तो माणूसच आहे, इतका थेट पुरावा इकडच्या कितीतरी घरांकडे नाही.

शोधाची किल्ली म्हणजे मूळपुरुषाचा नोंदवहीतला आप्रवासी नंबर. तो माणसाला मरेपर्यंत चिकटलेला असे. 1867 च्या कायद्याने गिरमिट संपलेल्यांनाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगणं सक्तीचं केलं. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तरी ते खिशात हवं. अपमानाची ती चिठ्ठी आज नातवंडांना पूर्वजाचा चेहरा दाखवते.

नोंदीत जिल्हा रत्नागिरी असेल तर शोध आजच्या हद्दीत अडकवू नये. मालवण, देवगड, वेंगुर्ले 1981 पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. सावंतवाडी मात्र तेव्हा वेगळं संस्थान होतं. गाव सापडलं की तिथे आडनाव विचारून हाती काही लागत नाही. विचारायचं ते एवढंच: धोंडजीचा रामजी कोणाच्या घरातला?