कॉलनीत किंवा वाड्यावर रहिवाशांची रात्रगस्त: गोव्यात पोलिसांकडे अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

चतुर्थीला फोंडा, पर्वरी, मडगावचे फ्लॅट बंद होतात, कारण माणसे मूळ घरी गेलेली असतात. जत्रेच्या रात्री उलटे होते, गावातली घरे रिकामी पडतात. शिवाय वर्षभर कुलूप असलेली घरे आहेतच, ज्यांचे मालक मुंबईत, आखातात किंवा बोटीवर असतात. अशा वस्तीत एखादी घरफोडी झाली की रहिवासी गस्तीची गोष्ट काढतात आणि लगेच विचारतात, परवाना कुठे मिळतो?

असा परवाना नसतो. पोलीस निरीक्षकांकडून मिळते ती सहकार्याची लेखी संमती. त्या पत्राने स्वयंसेवकाला कुठलाही जादा अधिकार येत नाही. रस्त्यावर सामान्य नागरिकाला जे करता येते तेवढेच त्यालाही करता येते. हे अर्ज लिहिणाऱ्याला कळलेले असेल तर अर्ज लवकर पुढे सरकतो. 'आम्हाला संशयितांना तपासण्याची परवानगी द्यावी' असे वाक्य असलेला अर्ज टेबलावरच राहतो, आणि ते योग्यच आहे.

सिंधुदुर्गातले पाहुणे ग्रामसुरक्षा दलाचा दाखला देतात. त्या दलाची तरतूद महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात आहे आणि तो कायदा गोव्यात लागू नाही. १८६१ च्या पोलीस कायद्याचे कलम १७ विशेष पोलीस अधिकारी नेमण्याबद्दल आहे. पण ती नेमणूक दंगल किंवा शांतताभंग झाला असेल अथवा होण्याची भीती असेल तेव्हा, पोलीस अधिकाऱ्याच्या मागणीवरून दंडाधिकारी करतो. कॉलनीच्या गस्तीशी तिचा संबंध नाही.

अर्जाआधी

पहिले काम बीट हवालदाराला, म्हणजे तुमचा भाग सांभाळणाऱ्या पोलिसाला, भेटण्याचे. तुमची वस्ती नक्की कोणत्या पोलीस स्थानकाच्या हद्दीत येते हे त्याच्याकडून पक्के करून घ्या. हद्द बऱ्याचदा ओहोळावरून किंवा रस्त्याच्या मधून जाते, आणि कॉलनीची मागची गल्ली दुसऱ्या स्थानकाकडे निघते. तसे असेल तर दोन्हीकडे अर्ज द्यावा लागतो. गेल्या काही महिन्यांत आसपास काय घडले, कुठल्या वेळेला घडले, हेही त्यालाच विचारा. दुपारी लोक कामावर असताना कुलपे तुटत असतील तर रात्री दोन वाजता फिरून उपयोग नाही.

मग रहिवाशांची बैठक घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करावा. सुटी घरे असतील तर साधी बैठक चालते, पण इतिवृत्तात तारीख, उपस्थितांची नावे, घर क्रमांक आणि सह्या हव्यात. गावातल्या वाड्यावर गस्त घालायची असेल तर पंचायतीला पत्र द्या आणि विषय ग्रामसभेत मांडा. पंचायतीची ना हरकत कायद्याने लागत नाही. मात्र पंचाला (पंचायत सदस्याला) अंधारात ठेवून सुरू केलेली गस्त पुढच्या ग्रामसभेत भांडणाचा विषय होते. शहरात नगरसेवकाला पत्राची प्रत पुरते.

समन्वयक एकच ठेवा, सोबत एक उपसमन्वयक. पंच, नगरसेवक किंवा पक्षाचा पदाधिकारी या जागेवर नको. निवडणूक लागली की त्याच्या हातातली बॅटरीसुद्धा प्रचारात मोजली जाते.

यादीत कोण बसतो

वय १८ पूर्ण हवे. वरची मर्यादा कोणी ठरवलेली नाही, पण साठीपुढच्यांना घरून फोन सांभाळण्याचे काम द्यावे. ते काम कमी महत्त्वाचे नाही. माणूस त्याच वस्तीत राहणारा हवा, मग तो मालक असो वा भाडेकरू. भाडेकरूंना वगळणाऱ्या गस्ती आम्हाला पटत नाहीत: रात्रपाळी करून उशिरा परतणारे तेच असतात आणि रस्त्यावर रोज कोण असते हे त्यांनाच जास्त ठाऊक असते. मात्र घरमालकाने त्या भाडेकरूची माहिती पोलीस स्थानकात दिलेली असली पाहिजे. ती दिली नसेल तर अर्जाच्या निमित्ताने ते उघड होते, म्हणून आधी ते काम उरकावे.

फौजदारी प्रकरण प्रलंबित असलेल्याचे नाव पोलीस काढायला लावतात. शेजाऱ्याशी जमिनीचा किंवा वाटेचा वाद चालू असलेला माणूसही त्या गल्लीच्या पाळीत नको. महिला स्वयंसेवक जरूर असाव्यात. त्यांना फक्त चहापाण्याला बसवू नका.

कागदपत्रे

अर्ज पोलीस निरीक्षकांच्या नावे. एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना, एक जिल्हा अधीक्षकांना. मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या शासकीय वापराला जागा आहे. तरी फाइल वरच्या कार्यालयात जाते तेव्हा इंग्रजी प्रत जोडलेली असली तर वेळ वाचतो. अर्जासोबत हे जोडा:

– ठरावाची किंवा इतिवृत्ताची प्रत, आणि संस्था नोंदणीकृत असल्यास नोंदणी प्रमाणपत्र.
– स्वयंसेवकांची यादी: पूर्ण नाव, वय, घर क्रमांक, मोबाइल, व्यवसाय, रक्तगट.
– प्रत्येकाचे दोन फोटो आणि ओळखपत्राची प्रत. आधार देत असाल तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्या.
– राहत्या पत्त्याचा पुरावा: घरपट्टीची पावती, वीज बिल किंवा भाडेकरार.
– प्रत्येकाचे सही केलेले हमीपत्र. साधा कागद पुरतो. स्टॅम्पपेपर मागितला तरच आणा.
– गस्तीच्या मार्गाचा हाताने काढलेला नकाशा. बंद घरे, अंधारे कोपरे, सीसीटीव्ही आणि मोकळी आवारे त्यात दाखवा.
– पहिल्या महिन्याचे पाळीपत्रक.

सगळ्यात जास्त अडते ते पत्त्यावर. गोव्यात कित्येकांचे इलेक्शन कार्ड मूळ गावचे असते आणि माणूस राहतो फ्लॅटमध्ये. मग पडताळणी सत्तरीच्या किंवा काणकोणच्या स्थानकाकडे जाते आणि तिथून उत्तर येईपर्यंत यादी थांबते. म्हणून राहता पत्ता आणि कार्डावरचा पत्ता, दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. वीज बिल अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर संस्थेच्या सचिवाचे पत्र जोडा. ओसीआय कार्डधारकाने (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक) आपले नागरिकत्व स्पष्ट लिहावे. ते पडताळणीत नंतर निघाले तर विनाकारण प्रश्न उभे राहतात. आणि ज्यांची पडताळणी लांबेल त्यांच्यासाठी बाकीच्यांना थांबवू नका, यादी दोन टप्प्यांत द्या.

हमीपत्रात काय असावे? मसुदा असा चालेल: 'मी विनामोबदला व स्वेच्छेने गस्तीत सहभागी होत आहे. मी शस्त्र, काठी वा कोयता बाळगणार नाही. कोणाची झडती घेणार नाही, ओळखपत्र मागणार नाही, वाहन अडवणार नाही. मद्यपान करून पाळीवर येणार नाही. गस्तीतील माहिती, फोटो वा चित्रफीत पोलिसांखेरीज कोणालाही देणार नाही. पोलिसांनी सूचना केल्यास गस्त तत्काळ थांबवीन.' मद्यपानाच्या वाक्यावर बैठकीत हशा पिकतो. तरी ते ठेवाच. जेवणाआधी एकच घेतलेला माणूससुद्धा त्या रात्री पाळीवर नको, कारण कुठे काही झटापट झाली तर पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

अर्ज दिल्यावर

आवक क्रमांक आणि शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज दिला नाही असे समजा. नंतर निरीक्षकांशी बैठक ठरते. तिथे चार गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: गस्तीच्या वेळा, बीट हवालदाराचा संपर्क, रात्रीच्या पोलीस गाडीची फेरी साधारण कधी असते, आणि महिन्यातून एकदा आढावा. संमतीपत्र मिळत नसेल तर बैठकीचे टिपण स्वतः लिहा, त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्थानकात द्या आणि पोच घ्या. महिनाभर काहीच हालचाल नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांना स्मरणपत्र द्या. माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती विचारता येते आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे, पण ज्यांच्यासोबत काम करायचे त्यांच्याशी नाते माहिती अधिकाराने सुरू करू नये.

माणसांचा हिशेब

एकट्याने फिरायचे नाही. एका पाळीत तिघे: दोघे बघणारे, एक फोनवाला. रात्री साडेअकरा ते दोन आणि दोन ते साडेचार अशा दोन पाळ्या धरल्या तर आठवड्याला ३ × २ × ७ म्हणजे ४२ जागा भराव्या लागतात. प्रत्येकाने आठवड्यात एकच रात्र द्यायची तर ४२ माणसे हवीत. २४ च असतील तर आठवड्यातून चार रात्री करा आणि त्या दर आठवड्याला बदला. उत्साहात सातही रात्री घेतलेली गस्त तिसऱ्या आठवड्यात पाच जणांवर येते आणि मग बंद पडते. मार्गही रोज तोच नको. ठरल्या वेळी ठरल्या कोपऱ्यावर येणारी गस्त चोराला घड्याळासारखी उपयोगी पडते.

सामान थोडे लागते: चार्ज होणारी बॅटरी, परावर्तक पट्ट्यांचे जाकीट, शिट्टी, वही, वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे असलेले दोन फोन. पावसात रेनकोट आणि गमबूट; वीज गेलेल्या रात्री जिवाणे (साप) रस्त्यावर येतात. जाकिटाचा रंग खाकी नको आणि पाठीवर 'पोलीस' हा शब्द नको. लोकसेवक असल्याची बतावणी आणि त्याच्यासारखा पोशाख यांसाठी भारतीय न्याय संहितेत कलम २०४ आणि २०५ आहेत. शिट्टी संकटातच वाजवायची. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे निर्बंध गस्तीलाही आहेत.

अपघात विमा कोणी मागत नाही, तरी काढावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. ते दरवर्षी १ जून ते ३१ मे असे चालते.

गस्तीवर काय करायचे, काय नाही

दिसले, थांबले, ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवले. बस. फोनवर आधी ठिकाण सांगा, घर क्रमांकापेक्षा जवळचे देऊळ, कपेल (छोटे चर्च) किंवा ट्रान्सफॉर्मर सांगितलेला बरा. मग किती माणसे, वाहन कोणते, कुठल्या दिशेने. तक्रारीचा क्रमांक वहीत उतरवा. त्यानंतर बीट हवालदाराला फोन. व्हॉट्सॲप गटावर टाकणे शेवटी, आणि चेहऱ्याचा फोटो अजिबात नाही. 'मुले पळवणारी टोळी' असे कोणी गटावर टाकले तर समन्वयकाने ते काढून स्थानकात विचारावे.

पकडण्याबद्दल फार गैरसमज आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खासगी व्यक्ती अटक करू शकते. पण गुन्हा तिच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र, दोन्ही हवा. किंवा तो माणूस घोषित फरारी गुन्हेगार हवा. शिवाय त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. रात्री कुलूप तोडून घरात शिरणारा यात बसतो. माडावरून नारळ काढणारा बसेलच असे नाही, कारण ५,००० रुपयांपेक्षा कमी मालाची साधी पहिली चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र गटात ठेवली आहे. कुंपणाजवळ नुसता उभा असलेला तर कशातच बसत नाही. अशाला वाटेत अडवले तर न्याय संहितेचे कलम १२६ आणि खोलीत कोंडले तर कलम १२७ तुमच्यावर लागते. पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून मारहाण केली आणि माणूस दगावला, तर त्याच संहितेच्या कलम १०३(२) खाली प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशीपर्यंत शिक्षा आहे. म्हणून तिघांची पाळी तिघांचीच ठेवा, बाकीच्यांना झोपेतून उठवून बोलावू नका.

रात्री एक वाजता चालत येणारा माणूस बहुधा वेर्णा किंवा कुंडईच्या पाळीवरून सुटलेला कामगार असतो, आणि पहाटे सायकलवर दिसतो तो पोदेर (पाववाला). परप्रांतीय दिसतो म्हणून थांबवलेल्या माणसाची तक्रार स्थानकात आली की संमती तिथेच संपते.

सीसीटीव्हीच्या साठवणीवर काही दिवसांनी नवे चित्रण चढते. घटना कळली की लगेच तो भाग वेगळा काढा, मूळ डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) बंद करू नका आणि पोलिसांना देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे लागणाऱ्या प्रमाणपत्रातला आपला भाग कॅमेरा सांभाळणाऱ्याने सही करून द्यावा; दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. प्रमाणपत्र नसेल तर चित्रण न्यायालयात अडकते. कॅमेऱ्याचे तोंड आपल्या गेटाकडे आणि रस्त्याकडे. शेजाऱ्याच्या खिडकीत नाही.

वर्गणी घेत असाल तर पावती द्या, आणि ती रहिवाशांकडूनच घ्या. दुकानदारांकडून 'गस्तीचे' पैसे मागणे उद्या खंडणीच्या तक्रारीत बदलू शकते. पगारी रखवालदार ठेवणार असाल तर तो वेगळा विषय: एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, २००५ खालचा परवाना आहे का ते पाहा आणि त्याची प्रत फाइलमध्ये ठेवा.

दर तीन महिन्यांनी यादी ताजी करून स्थानकात द्या. घर सोडून गेलेल्यांची नावे काढा आणि त्यांचे गस्तीचे ओळखपत्र, जाकीट परत घ्या. निरीक्षकांची बदली झाली की जुन्या संमतीपत्राची आणि आवक क्रमांकाची प्रत घेऊन नव्यांना पहिल्याच आठवड्यात भेटा. फाइल स्थानकात असते, पण ती उघडून बघायला नव्या अधिकाऱ्याला कोणीतरी सांगावे लागते.