कंपनीत मालक कोण, कारभारी कोण?
इंदूरच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सियागंजातली जुनी पेढी प्रायव्हेट लिमिटेड करायची ठरली, की आमच्याकडे पहिली चौकशी नावाची होते. शेअर कोणाकडे किती आणि डायरेक्टर कोण, हे मात्र सह्यांच्या दिवशी, चहा येईपर्यंत उरकतं. पुढची भांडणं नावावरून होत नाहीत, यावरूनच होतात.

पेढीत जो मालक तोच कारभारी. कंपनीत या दोन जागा वेगळ्या. होळकरांच्या गावात गादी आणि दिवाण यांतला फरक काय समजवायचा! शेअर ज्यांचे ते मालक. बँक, करार, कामगार हा रोजचा कारभार डायरेक्टर मंडळाचा. घरगुती कंपनीत बहुधा तीच माणसं दोन्हीकडे असतात. पण डायरेक्टर व्हायला शेअर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही, आणि नुसते शेअर असले म्हणून कंपनीच्या चेकवर सही करता येत नाही. किमान 2 भागधारक आणि 2 डायरेक्टर लागतात, भागधारक 200 पर्यंत चालतात. एक तरी डायरेक्टर आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहिलेला हवा, म्हणून परदेशातल्या दोन्ही मुलांनाच डायरेक्टर करू म्हणाल तर जमणार नाही.

समजा, सांवेर रोडवर दोघं भाऊ नमकीनचा कारखाना काढतायत. पैसा थोरल्याचा, राबणं धाकट्याचं. आई म्हणते, निम्मं-निम्मं करा. ऐकायला गोड आहे, पण भागधारकांचा साधा ठराव, शेअरप्रमाणे पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतांनी पास होतो. एक भाऊ रुसला की काहीच पास होत नाही. 51-49 केलंत तर 51वाला दुसऱ्याला, त्याचं म्हणणं ऐकून घेऊन का होईना, डायरेक्टरपदावरून काढू शकतो. शेअर मात्र त्याचे त्याच्याकडेच राहतात. कंपनीची नियमावली बदलायला तीन-चतुर्थांश मतं लागतात, तिथे 26 टक्केवालाही अडवू शकतो. आमचं मत विचाराल तर पैशाला शेअर द्या आणि मेहनतीला पगार. पगार कंपनीच्या खर्चात जातो, लाभांश कर भरून उरलेल्या नफ्यातून मिळतो. एकाला बाहेर पडायचं झालं तर त्याच्या शेअरची किंमत कशी ठरवायची, हेही गोडीत असतानाच लिहून ठेवा.

कंपनीऐवजी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, काढलीत तर तिथे भागीदारच मालक आणि तेच कारभारी. त्यांतले किमान दोघं डेझिग्नेटेड पार्टनर, म्हणजे कायद्याची पूर्तता ज्यांच्या माथी ते. करारनामा 30 दिवसांत दाखल करायचा असतो. करारात वाटणी लिहिली नसेल तर कायदा भांडवल न बघता नफा-तोटा सारखा वाटतो आणि राबणाऱ्याला मेहनताना देत नाही.

वहिनींना ‘नावापुरतं’ डायरेक्टर करण्याची आपल्याकडे फार हौस. कंपनीने सलग 3 वर्षं वार्षिक विवरण भरलं नाही, तर त्यांनाही 5 वर्षं दुसऱ्या कुठल्या कंपनीत डायरेक्टर होता येत नाही. आणि मर्यादित जबाबदारी, म्हणजे कंपनीचं देणं मालकाच्या शेअरच्या पैशापुरतंच, म्हणून घर सुरक्षित, असं धरून चालू नका. कर्जासाठी बँकेला स्वतःची हमी लिहून दिलीत, की तेवढ्या कर्जापुरती ती मर्यादा उरत नाही.

मध्य प्रदेशचं कंपनी रजिस्ट्रार कार्यालय ग्वाल्हेरला आहे. कागद ऑनलाइन जातात, तिथवर धावपळ नको. आमच्याकडे येताना मात्र पॅन आणि आधारसोबत, कोण किती पैसे घालणार आणि कोण रोज कामावर बसणार, हे एका कागदावर लिहून आणा. आणि सगळे मिळून या, एकट्याने नको.