पेडल पायाखालून सरकतं तेव्हा: इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारच्या ब्रेकची पार्श्वभूमी

ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला जुलैतल्या एका सकाळी मी माझ्या शाळेतल्या मित्राच्या शेजारी बसलो होतो. गाडी त्याची, इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार, घेऊन जेमतेम अडीच वर्षं झालेली. पुढची रिक्षा थांबली, त्याने ब्रेकवर पाय ठेवला, गाडी लोण्यासारखी मंदावली आणि अगदी शेवटच्या दोन-तीन मीटरला पेडल पायाखालून किंचित सरकलं. त्याने दचकून जोर दिला, तशी गाडी गचकन थांबली. "बघितलंस? रोज हेच होतं," तो म्हणाला. सर्व्हिस सेंटरला तो तीनदा जाऊन आला होता. तिन्ही वेळा स्कॅनर लावला, एरर सापडली नाही, आणि "या गाड्यांचं पेडल असंच असतं" असं सांगून गाडी परत दिली.

मला हे उत्तर पटत नाही. पाय आणि चाक यांच्यामध्ये गेल्या शंभर वर्षांत एकेक मध्यस्थ येत गेला, आणि जवळजवळ प्रत्येक नव्या मध्यस्थाबरोबर पेडलची तक्रार आली. ती सुटली ती चालकाच्या पायाला जे जाणवतं ते कुणीतरी खरं मानून कामाला लागलं म्हणून. मित्राची गाडी समजून घ्यायची तर हा सगळा क्रम माहीत हवा.

सुरुवातीच्या मोटारींत पेडलपासून चाकापर्यंत सळया आणि तारा असायच्या. चारही चाकांना सारखा जोर पोचणं कठीण, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढायची. माल्कम लॉकहीड यांनी तारांच्या जागी द्रवाचा दाब आणला, आणि 1921 च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक मिळाले. बंद नळीतला द्रव सगळीकडे सारखाच दाब देतो, हे पास्कलचं तत्त्व आपण शाळेत शिकलो तेच. त्यात एक गोष्ट मात्र नवी आली. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल स्पंजसारखं लागतं.

वागळे इस्टेटमध्ये माझ्या मामाचं छोटं गॅरेज होतं. सुट्टीत माझं काम ठरलेलं असे, पद्मिनीच्या सीटवर बसून पेडल मारायचं. मामा चाकाशी उकिडवा बसलेला, निपलला पारदर्शक नळी लावलेली, नळीचं दुसरं टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत. "दाब, दाब, दाब... धर!" मी पाय रोवून धरायचो, मामा पाना फिरवायचा, पेडल तळापर्यंत जायचं आणि नळीतून फसफसत बुडबुडे निघायचे. निपल आवळून झाल्यावर आवाज यायचा, "सोड." चारही चाकं झाली की पेडल वरच्या वर कडक. एअर निघाली का हे मामा बाटलीत बघायचाच, पण शेवटचा कौल माझ्या पायाकडून घ्यायचा. "कसं वाटतंय?" हा प्रश्न तो प्रत्येक गाडीला विचारायचा.

पुढचा मध्यस्थ म्हणजे बूस्टर. गाड्या जड झाल्या, पायाचा जोर पुरेना, तेव्हा इंजिन हवा ओढताना जो व्हॅक्यूम तयार होतो तो मदतीला घेतला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही युक्ती आजही अनेक पेट्रोल गाड्यांत आहे. चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणाऱ्या डिस्क ब्रेकचं नाव गाजलं 1953 मध्ये, जॅग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्कवर ल मान्सची शर्यत जिंकली तेव्हा. दोनच वर्षांनी सित्रोएन डीएस आली. तिच्यात नेहमीच्या पेडलच्या जागी रबराचं बटण होतं, आळंबीसारखं. ते जवळजवळ हलतच नसे. किती जोराने दाबलं यावर ब्रेक ठरे, किती खोल दाबलं यावर नाही. लांब पेडलची सवय असलेला माणूस पहिल्यांदा त्या गाडीत बसला की हमखास धक्का द्यायचा. यंत्र उत्तम होतं, पायाला त्याची ओळख नव्हती. इलेक्ट्रिक गाडीच्या तक्रारी ऐकताना मला ही डीएस पुन्हा पुन्हा आठवते.

इथे थोडं रुळांकडे वळायला हवं, कारण मोटरने ब्रेक लावून वीज परत मिळवण्याची गोष्ट आपल्याकडे मोटारींच्या फार आधी आली. 1929-30 च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर 1500 व्होल्ट डीसीचं विद्युतीकरण झालं. बोरघाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. तिथे जी स्विस धाटणीची मालगाडीची इंजिनं आली, त्यांच्या चाकांना जोडणारे दांडे होते, आणि त्यांचं नावच 'खेकडा' पडलं. घाट उतरताना त्यांच्या मोटरी जनित्रासारख्या फिरायच्या आणि वीज तारेत परत जायची. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात त्यातलं एक इंजिन ठेवलेलं आहे. मुलांना दाखवायला नेलंत तर हे जरूर सांगा. रेल्वेला एक सोय होती. डब्यांचे ब्रेक वेगळे, इंजिनाचा विजेचा ब्रेक वेगळा, आणि दोन्ही हाताळणारा प्रशिक्षित ड्रायव्हर. मोटारीत मात्र हे दोन्ही ब्रेक एकाच पेडलखाली आणायचे होते, आणि पेडल दाबणाऱ्याला त्याचा पत्ताही लागायला नको होता.

1997 च्या टोयोटा प्रियसने हे मोठ्या प्रमाणावर केलं. पेडल दाबलं की कॉम्प्युटर ठरवतो, किती काम मोटरने करायचं आणि किती पॅडने. दोन ब्रेकचं हे मिश्रण जमलं तर चालकाला काही कळत नाही. ते कुठे फसतं हे 2010 च्या फेब्रुवारीत दिसलं. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर हलका ब्रेक लावताना, एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, मध्ये आली की मोटरकडून पॅडकडे काम जाताना क्षणभर ब्रेक सुटल्यासारखा वाटतो, अशा तक्रारी जपान आणि अमेरिकेतून आल्या होत्या. टोयोटाने जगभरात 4 लाखांहून जास्त हायब्रिड गाड्या परत बोलावल्या आणि एबीएसचं सॉफ्टवेअर बदललं. कुठलाही पार्ट तुटलेला नव्हता, ऑइल गळत नव्हतं. चूक होती हातबदलाच्या त्या क्षणात.

घोडबंदर रोडवर पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचावं. खड्डे, सर्व्हिस रोडच्या उंचसखल कडा, गायमुख घाटातला निसरडा उतार. दोन ब्रेकमधला हातबदल बिघडायला याहून सोयीची जागा नाही.

प्रियसच्या पाठोपाठ मर्सिडीजने दुसऱ्या बाजूने धडा घेतला. 2001 च्या एसएल मध्ये त्यांनी सेन्सोट्रॉनिक नावाची रचना आणली. पेडल फक्त सेन्सरला हुकूम देणार, दाब पंप तयार करणार, आणि पायाला मिळणारा विरोध स्प्रिंगचा, म्हणजे कृत्रिम. ती बंद पडली तर पेडल लांब जायचं आणि फक्त पुढच्या चाकांना ब्रेक लागायचा. 2004 मध्ये 6 लाख 80 हजार आणि 2005 मध्ये 13 लाख गाड्या तपासणीला बोलवाव्या लागल्या, आणि नंतर कंपनीने तो मार्ग सोडला. कल्पना मात्र टिकली.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, म्हणून फुकटचा व्हॅक्यूमही नाही. सुरुवातीला त्यावर विजेचा व्हॅक्यूम पंप बसवला गेला. 2008 च्या टेस्ला रोडस्टरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर गाडी ओढून धरायची, आणि ब्रेक पेडल सरळ हायड्रॉलिकला जोडलेलं राहिलं. त्यामुळे पेडल प्रामाणिक होतं. 2013 मध्ये बॉशने आयबूस्टर आणला. त्यात पेडल किती दाबलं हे सेन्सर मोजतो आणि छोटी मोटर गिअरमधून मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलला दाब देणारा मुख्य दट्ट्या, ढकलते. पोर्शच्या 918 स्पायडरमध्ये तो बसला. आता पेडल किती कडक वाटावं हे पुष्कळसं सॉफ्टवेअर ठरवू लागलं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या चाचणीत टेस्ला मॉडेल 3 ताशी 60 मैलांवरून थांबायला 152 फूट घेत होती. काही दिवसांत कंपनीने इंटरनेटवरून सॉफ्टवेअरचं अपडेट पाठवलं आणि तेच अंतर 133 फुटांवर आलं. एकोणीस फूट, एकही पाना न फिरवता. मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला होता.

मग 2019 मध्ये पोर्शने टायकानमध्ये उलटी वाट धरली. पाय उचलला की गाडी वाहत जाणार, वीज परत मिळवायचं मुख्य काम ब्रेक पेडलखाली. मोटर 265 किलोवॅटपर्यंत वीज बॅटरीत परत घालू शकते आणि रोजच्या वापरातलं सुमारे 90 टक्के ब्रेकिंग पॅडला हात न लावता होतं, असं कंपनी सांगते. 2024 च्या सुधारित गाडीत हा आकडा 400 किलोवॅट झाला. आकड्याचा अर्थ असा. 2019 च्या टायकान टर्बो एस मॉडेलचं वजन 2,295 किलो. ताशी 100 किलोमीटरला तिच्यात साधारण 885 किलोज्यूल ऊर्जा असते, म्हणजे जवळजवळ पाव युनिट वीज. मोटर जास्तीत जास्त 0.39 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चाळीस टक्के, इतक्या जोराने ओढते, त्या जोराने गाडी 100 वरून थांबायला शंभर मीटर लागतील. कुणी अचानक आडवं आलं तर चाळीस मीटरच्या आत थांबायला हवं, आणि ते काम पॅडचंच. हलक्या ब्रेकपासून जोराच्या ब्रेकपर्यंत जाताना पायाला पायरी लागू द्यायची नाही, ही या गाड्यांतली सर्वांत अवघड कारागिरी आहे. त्यात वेग अगदी कमी झाला की मोटरची ओढ संपते, तिथे पुन्हा पॅड. माझ्या मित्राची तक्रार नेमकी त्या शेवटच्या मीटरांची होती.

पॅड कमी वापरले जातात याचे परिणाम आपल्या हवेत लवकर दिसतात. पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी काढली की डिस्कवर नारिंगी थर असतो. पेट्रोल गाडीत दोन सिग्नलमध्ये तो घासून जातो. इथे दहातले नऊ ब्रेक मोटर लावते, मग तो थर राहतो, खड्डे पाडतो आणि पेडल थरथरतं. गंज टाळण्यासाठी फोक्सवॅगनने आयडी 3 च्या मागच्या चाकांना चक्क जुन्या पद्धतीचे बंद ड्रम ब्रेक बसवले. ब्रेक ऑइलही दुर्लक्षित राहतं. ते हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट 4 दर्जाचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरलेल्या ऑइलला हीच हमी 155 अंशांची. खाडीकाठच्या हवेत दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं, गाडी कितीही कमी चालली असली तरी.

आणि प्रत्येक तक्रार सॉफ्टवेअरची नसते. 2024 मध्ये पोर्शने जगभरातल्या टायकान परत बोलावल्या. पुढच्या ब्रेकच्या रबरी नळ्यांना तडे जाऊन ऑइल गळू शकत होतं आणि त्याने पेडल लांब जातं. म्हणून फरक नीट करा. गाडी उभी असताना पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. अशी गाडी चालवू नका, टोइंग बोलवा. पहिल्यांदा खोल जातं आणि दुसऱ्यांदा मारलं की वर येतं, तर एअर आहे किंवा खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पॅड मागे सरकलेत. इंजिन गाडीसारखी पेडल मारून एअर काढायची जुनी पद्धत इथे करू नका, करू देऊ नका. बूस्टर आणि एबीएसचे व्हॉल्व्ह स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घालूनच हे काम करायचं असतं.

मित्राला मी एकच सुचवलं, दोन सकाळी सारख्याच रस्त्यावर चालवून बघू. बॅटरी पूर्ण भरलेली असली की बहुतेक गाड्यांत मोटर वीज परत घेत नाही, सगळं काम पॅड करतात. रविवारी साडेपाच वाजता आम्ही माजिवड्याहून घोडबंदरकडे निघालो, बॅटरी 100 टक्के. पेडल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं, कडक. दुसऱ्या रविवारी तीच वाट, बॅटरी 65 टक्के. ताशी दहाच्या खाली आलं की पेडल सरकलं, सातपैकी पाच वेळा. एअर असती तर दोन्ही दिवशी मऊ लागलं असतं. वेग, बॅटरी, जागा, सगळं वहीत लिहून तो सर्व्हिस सेंटरला गेला आणि एवढंच म्हणाला, "स्कॅनर नको, तुम्ही माझ्याबरोबर गाडीत बसा."

वरिष्ठ टेक्निशियन स्वतः चालवायला बसला. तिसऱ्याच ब्रेकला म्हणाला, "हो साहेब, लागतंय." मग त्याने पेडलच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन नव्याने केलं, ब्रेकचं प्रलंबित अपडेट घातलं आणि ऑइल बदललं. जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं.

आता सिग्नलला गाडी सरळ थांबते. पावसाच्या रात्रीनंतर पहिले दोन-तीन ब्रेक अजून खरखरतात, मागच्या डिस्कवरचा गंज आहे तो. त्यासाठी तो सकाळी मोकळा पट्टा बघून, मागे कुणी नाही याची खात्री करून, गाडी न्यूट्रलला घालतो आणि दोनदा जोरात ब्रेक मारतो. त्याच्या गाडीत न्यूट्रलला मोटर ओढत नाही. पॅड डिस्कला घासल्याचा आवाज येतो आणि थांबतो.