चादर कोण बदलतं? अकरा महिन्यांचं भाडं आणि रात्रीचा मुक्काम

दर वर्षी ज्येष्ठ लागला की माझ्याकडे एकाच चालीचे फोन सुरू होतात. ‘अण्णा, पंढरपुरात वन बीएचके घेतलाय, भाविकांना दोन-दोन दिवस द्यायचाय. अकरा महिन्यांच्या कराराचा नमुना पाठवा की.’ मग दिवाळीच्या आसपास उलटी चाल. ‘अक्कलकोटचं घर एकाला वर्षभर दिलंय वो, पण करार कशाला? पाहुणाच की तो.’ सोलापुरात दस्ताची कामं करण्यात माझी बरीच वर्षं गेली. पहिल्याला कराराची गरज नसते आणि दुसऱ्याला असते, पण दोघेही नेमकं उलटं मागतात.

अकरा महिन्यांचं प्रकरण, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा करार, तुम्हाला पाठ आहे. डिपॉझिट, दोन साक्षीदार, अंगठ्याचा ठसा, सोसायटीला एक प्रत, पोलिसांत भाडेकरूची माहिती. त्यावर जागा घालवत नाही. एकच खोड मात्र मोडायची राहिलीय: ‘अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही.’ ही समजूत 1908 च्या नोंदणी कायद्यातून आलीय, त्यात वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 लागतं. त्यात मुदत किती हा प्रश्नच नाही. लिव्ह अँड लायसन्स लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदवलेला कागद नसेल तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं ठरवायचं काम तुमचं. मुद्रांक एकूण रकमेच्या 0.25 टक्के, नोंदणी शुल्क शहरात हजार, गावात पाचशे. एवढे वाचवायला लोक स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारून घरी जातात. तो शिक्का बघितला की माझं डोकं उठतं.

आता मुद्द्याचं.

लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही माणसाला घर वापरायची परवानगी देता, ठरलेल्या मुदतीसाठी, राहण्यासाठी. तो आपली भांडी आणतो, देव मांडतो, पोरांना जवळच्या शाळेत घालतो. मुदत संपून तो उठला नाही तर कलम 24 तुमच्या मदतीला येतं: सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि उशिराच्या काळाचं दुप्पट शुल्क मागायचं. दिवाणी कोर्टात पिढ्या घालवायच्या नाहीत. नोंदवलेल्या कराराची खरी किंमत ही आहे.

रात्रीच्या मुक्कामात यातलं काहीच नाही. भाविक येतो, बॅग ठेवतो, दर्शनाला जातो, रात्री पाठ टेकतो आणि सकाळी निघतो. घर तुमच्याच ताब्यात राहतं, तुम्ही त्याला मुक्काम विकला एवढंच. भाडे नियंत्रण कायद्यातली लायसन्सीची, म्हणजे परवानगीने राहणाऱ्याची व्याख्या, कलम 7, उघडून बघा. लॉज, गेस्ट हाउस, हॉटेल, धर्मशाळा अशा जागी राहणारा तिथे सरळ वगळलाय. म्हणजे दोन रात्रींच्या भाविकाशी ‘लिव्ह अँड लायसन्स’ केलात तरी त्या कागदाला कलम 24 चा आधार मिळणार नाही. त्याची गरजही नाही, कारण परतीची एसटी पकडायची घाई त्याला तुमच्यापेक्षा जास्त असते.

‘मग किती दिवसांपर्यंत मुक्काम आणि किती दिवसांपासून भाडं?’ हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो, आणि तो प्रश्नच चुकलाय. दिवसांवर ठरत नाही. कलबुर्गी, विजयपूरकडचे पेशंट सोलापुरात ऑपरेशनला येतात, घरची माणसं जवळच्या लॉजवर महिना-महिना काढतात. तो महिनाभराचा मुक्कामच. याउलट दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला आलेल्या नर्सने तुमची खोली घेतली, किल्ली तिच्याकडे, स्वयंपाक तिचा, तुम्ही आत शिरायचं तर दार वाजवून, तर ती लायसन्सी आहे आणि दोन महिन्यांचासुद्धा करार नोंदवावा लागतो.

मी लोकांना एकच विचारतो: चादर कोण बदलतं? सोलापूरच्या माणसाला चादरीवरून लगेच कळतं. चादर तुमची, धुवायची जबाबदारी तुमची, दुसरी किल्ली तुमच्या खिशात, पंखा बंद पडला तर रात्री दहाला पळायचं तुम्ही, तर तो मुक्काम. चादर त्याची, गॅसचा सिलिंडर त्याच्या नावाचा, बँकेत पत्ता म्हणून तुमचं घर लिहिलेलं, तर ते भाडं. पाटीवर ‘व्हेकेशन रेंटल’ लिहा नाहीतर ‘भक्त कुटीर’, चादर बदलणारा बदलत नाही.

याच ठिकाणी सगळ्यात वाईट फसगत होते, ती तुमचं घर घेऊन पाहुण्यांना रात्रीवर देणाऱ्या मधल्या माणसाच्या कारभारात. माझ्या मामेभावाने पंढरपुरातला फ्लॅट एका चालवणाऱ्याला दिला. ‘दादा, महिन्याला बांधील रक्कम देतो, तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका.’ करार अकरा महिन्यांचा, व्यवस्थित नोंदवलेला, वापराच्या रकान्यात ‘निवासी, स्वतःच्या कुटुंबासाठी’. मामेभाऊ खूश. चालवणारा त्यात दर रात्री नवी माणसं उतरवत होता. एकादशीच्या आधी पोलीस तपासणीला आले आणि विचारलं, इथे उतरलेल्यांची नोंदवही कुठाय? वही नव्हतीच. चालवणाऱ्याचा फोन बंद. कागदावर मालकाने घर एका कुटुंबाला राहायला दिलंय, आणि आत अकरा अनोळखी माणसं झोपलेली. मामा मला म्हणाले, ‘अरे पण करार तर तूच केलास ना!’ केला होता, मामा. राहण्याचा केला होता. कलम 24 मध्येच म्हटलंय की लेखी करारात लिहिलेलं हाच त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा. म्हणजे चुकीचा हेतू लिहिलात तर तो तुमच्याच गळ्यात येतो. चालवायलाच द्यायचं असेल तर करारात तसं स्पष्ट लिहा: जागा मुक्कामाच्या व्यवसायासाठी, पाहुण्यांची नोंद ठेवणं चालवणाऱ्याकडे, परवानग्या कुणाच्या नावावर, वही मालकाला कधीही बघता येईल. तेव्हापासून ‘बांधील रक्कम’ हे शब्द ऐकले की मी आधी वही मागतो.

बाकीचे गोंधळ छोटे आहेत.

होमस्टे म्हणजे रिकामा फ्लॅट नव्हे. केंद्राच्या अतुल्य भारत न्याहारी-निवास योजनेत एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं. सोलापुरात बसून पंढरपूरच्या बंद फ्लॅटला ‘होमस्टे’ म्हणणाऱ्यांनी निदान शब्दाची लाज राखावी. राज्याच्या पर्यटन खात्याच्या योजना वेगळ्या आहेत. शेतावर खोल्या असतील तर 2020 चं कृषी पर्यटन धोरण बघा. ते शेतकऱ्यासाठी आहे, गुंठेवारीत फार्महाउस बांधणाऱ्यासाठी नाही.

भाडेकरूची पोलीस माहिती आणि पाहुण्यांची वही या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली माणसागणिक एकदा, दुसरी प्रत्येक रात्रीची. परदेशी माणूस उतरला तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचं, ज्याला सगळे अजून फॉर्म सी म्हणतात. पैसे घेतले नाहीत तरी कळवायचं. पुतण्याचा जर्मन मित्र गड्ड्याची जत्रा बघायला आला तरीसुद्धा.

जीएसटी: कुटुंबाला राहायला दिलेल्या घराच्या भाड्यावर सहसा नाही. मुक्कामावर आहे, 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पण ॲपवरून बुकिंग घेतलंत तर जीएसटी कायद्याच्या कलम 9(5) खाली ॲपवाली कंपनी तो कर भरते आणि पाहुण्याकडून वसूल करते. तेव्हा ‘आमच्याकडे जीएसटी नाही’ असं पाहुण्याला सांगून वाद घालू नका, त्याच्या बिलावर तो छापलेला असतो.

वीज: घरगुती मीटरवर धंदा चालवताना सापडलात तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. घरपट्टीचंही नगरपरिषदेत विचारून ठेवा, निवासी आणि बिगरनिवासी दर वेगळे असतात. सोसायटीत फ्लॅट असेल तर बिगरभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे सगळे घोकून येतात. पण तो नियम भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा आहे. जिन्यात रोज नव्या सुटकेसा दिसल्या म्हणून सेक्रेटरीने हरकत घेतली, तर ती दहा टक्के दाखवून मोडता येणार नाही.

गोव्यात फ्लॅट घेतलेले सोलापूरकर थोडे नाहीत. तुमचा कायदा वेगळा: 1982 चा गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा. पर्यटकाला देण्याआधी तिथल्या पर्यटन खात्याकडे नोंदणी. इथला अकरा महिन्यांचा नमुना तिकडे नेऊ नका.

राहिला वारीचा प्रश्न, आणि तो खरोखर अवघड आहे. एक दिंडी दर वर्षी तुमचं अख्खं घर आठ-दहा दिवस घेते. आचारी त्यांचा, सतरंज्या त्यांच्या, चादरीसुद्धा त्यांच्याच. माझी कसोटी इथे लंगडते. तरी मी याला मुक्कामच म्हणतो: तुमचं कपाट कुलपात आत आहे, गॅस तुमच्या नावाचा आहे, आणि द्वादशीला पारणं फेडून माणसं पुढच्या वाटेला लागणार आहेत. यासाठी अकरा महिन्यांचा करार नको, पण एक साधं पत्र हवंच: दिंडीप्रमुखाचं नाव, ओळखपत्राची प्रत, माणसांची यादी, आल्याची आणि जाण्याची तारीख, किती घेतले ते. पावती फाडा. ‘माऊलींकडून काय पावती घ्यायची’ म्हणणाऱ्या एका काकूंना मी विचारलं, डिपॉझिट घेतलंत का? म्हणाल्या, ‘घेतलं की, पाच हजार.’

मग पावतीही घ्या, काकू.